कान दोनच

दिवाळीच्या आधी बोनसची मेल येऊन पडली की आमच्या हापिसात एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. "गेमिंग, पिक्चर आणि गाणी... तिन्हीला चालेल असा एकच हेडफोन सांग ना!" माझ्या टेबलावर कायम दोन-तीन हेडफोनच्या वायरींचा गुंता पडलेला असल्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडेच येतो. लोकांना हवा असतो एक मॉडेल नंबर. मी सुरू करतो १८८१ सालापासून. मग समोरचा "चहा घेऊन येतो" म्हणून जो जातो तो परत येत नाही. तेव्हा म्हटलं, या विकांताला सगळं एकदाच लिहून काढावं. इथे कुणी मधेच उठून गेलं तरी मला दिसणार नाही :-)

मुद्दा तसा साधा आहे. हेडफोनच्या खोक्यावर 'गेमिंग', 'सिनेमा', 'स्टुडिओ' असले शब्द छापलेले असतात आणि खाली आकड्यांची एक रांग असते. त्या रांगेवरून फारसं काही कळत नाही. पण हेडफोनची प्रत्येक जात कधीतरी, कुणाच्या तरी एका नेमक्या अडचणीसाठी जन्माला आलेली आहे. ती अडचण माहीत असेल तर हा हेडफोन आपल्या कामाचा आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या ठरवता येतं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, डिझाइन बघण्याआधी रिक्वायरमेंट कुणाची होती ते बघा.

तर पहिली रिक्वायरमेंट टेलिफोन ऑपरेटरची. १८७६ मध्ये ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरांमध्ये एक्स्चेंज उभी राहिली. तिथल्या ऑपरेटरला एका हाताने रिसीव्हर कानाशी धरायचा आणि उरलेल्या एका हाताने वायरी जोडायच्या-काढायच्या, अशी कसरत होती. १८८० च्या दशकात एझरा गिलिलंड या माणसाने त्यावर तोडगा काढला. बैलाच्या मानेवर जू ठेवतात तसा एक सांगाडा ऑपरेटरच्या खांद्यावर चढवायचा. त्याला कानापाशी रिसीव्हर आणि तोंडासमोर बोलायचं यंत्र. वजन काही किलो! पण हात मोकळे झाले. नीट बघितलं तर आजच्या गेमिंग हेडसेटचा आराखडा हाच आहे: कानाला आवाज, तोंडासमोर माइक, दोन्ही हात कामाला. गाणं सुंदर वाजावं वगैरे भानगड त्यात नव्हतीच. पलीकडचा काय म्हणतोय ते कळलं की झालं, आणि त्याला एक कान पुरत होता.

दुसरा कान कामाला लागला तो पॅरिसमध्ये, १८८१ च्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनात. क्लेमाँ आदेर या फ्रेंच इंजिनियरने पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे माइक मांडले आणि टेलिफोनच्या तारांमधून आवाज प्रदर्शनाच्या इमारतीत आणला. श्रोत्याने दोन हातांत दोन रिसीव्हर घ्यायचे, एक डाव्या कानाला, एक उजव्या. डाव्या रिसीव्हरमध्ये मंचाच्या डाव्या बाजूचा आवाज, उजव्यात उजव्या बाजूचा. गायक मंचावर इकडून तिकडे चालत गेला की ऐकणाऱ्याला तो चालताना 'दिसायचा'. कानाने! आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते हेच, आणि तेही ग्रामोफोनची तबकडी बाजारात यायच्या आधी.

पुढे १८९० मध्ये याचीच 'थिएटरोफोन' नावाची व्यावसायिक सेवा सुरू झाली. हॉटेलांत आणि कॅफेंत नाणं टाकून पाच मिनिटं ऑपेरा ऐकायचा, किंवा पैसे भरून घरी जोडणी घ्यायची. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये याचा वर्गणीदार झाला होता. सेवा बंद पडली १९३२ मध्ये. म्हणजे घरबसल्या पैसे भरून मनोरंजन ऐकणं हा प्रकार आपल्या पिढीने शोधलेला नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्या. आपल्याला वाटतं आधी स्पीकर आला आणि मग त्याचं बारकं पोर म्हणून हेडफोन आला. झालं उलटं. विजेचा आवाज मोठा करायला लागणारा अॅम्प्लिफायर तेव्हा नव्हताच. कॉइल, चुंबक आणि एक पातळ लोखंडी चकती यांतून जो काय क्षीण आवाज निघायचा तो कानाला चिकटवूनच ऐकावा लागायचा. भिंत हादरवणारा स्पीकर घरात यायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे स्पीकरच कानामागून आला आणि तिखट झाला.

दोन्ही कानांवर बसणारा, डोक्यावर पट्टी असलेला, आज बघितला तर लगेच ओळखू येईल असा हेडफोन १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन याने केला. कारखाना कुठे, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात! त्याने नमुना अमेरिकन नौदलाला पाठवला. तिथल्या लोकांनी तो लावून बघितला आणि त्यांच्याकडच्या सगळ्या रिसीव्हरपेक्षा यात क्षीण सिग्नल जास्त स्पष्ट ऐकू येतात असं त्यांच्या लक्षात आलं. ऑर्डर आली तर बाल्डविनने कळवलं, एका वेळी दहाच करून देऊ शकेन, कारण सगळं किचनमध्ये चाललंय. पुढे कारखाना निघाला, पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या रेडिओच्या लाटेत तो चांगला चालला, आणि १९२४ मध्ये बुडालाही. बाल्डविनने लोखंडी चकतीऐवजी अभ्रकाचा पडदा वापरला होता आणि तो हलवायला दोन्ही बाजूंनी तोललेली एक लोखंडी पट्टी. ही 'बॅलन्स्ड आर्मेचर' पद्धत मेलेली नाही बरं का. आजची श्रवणयंत्रं आणि बरेचसे महागडे इन-इअर याच तत्त्वावर चालतात. कमी विजेत जास्त आवाज ही नौदलाच्या वायरलेस ऑपरेटरची गरज होती. कानातल्या चिमुकल्या यंत्राचीही गरज तीच आहे.

१९२० च्या दशकातला क्रिस्टल रेडिओ म्हणजे हेडफोनचा पहिला सुवर्णकाळ. त्याला बॅटरीच लागत नाही. एरियलवर पडणाऱ्या लहरींच्या ताकदीवरच तो चालतो, त्यामुळे स्पीकर वाजवायची त्याची ताकद नसते. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेही दीड किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर, जेमतेम ५० किलोमीटरच्या टप्प्यात. पण तोवर जगभर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि स्पीकर घराघरांत शिरायला लागले होते. सगळं कुटुंब एकत्र बसून ऐकू लागलं आणि हेडफोन पुन्हा गेला कामगारांच्या डोक्यावर: वैमानिक, तारमास्तर, स्टुडिओतले तंत्रज्ञ.

आता पिक्चरकडे वळू. १९३१ मध्ये लंडनला अॅलन ब्लमलाइन या इंजिनियरने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला खटकली होती बोलपटांमधली एक गोष्ट: नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून. त्याने दोन माइक, दोन स्पीकर वापरून आवाज नटाच्या मागे चालवायची युक्ती काढली. हा माणूस १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना विमान अपघातात गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. त्याची कल्पना व्यापारी तबकड्यांवर उतरली ती १९५७-५८ मध्ये. आपल्या कामाची गोष्ट अशी की ब्लमलाइनचा स्टिरिओ हा स्पीकरसाठी विचार केलेला स्टिरिओ आहे. पुढची बहुतेक सगळी गाणी आणि सिनेमे याच समजुतीवर मिक्स झाले की ऐकणाऱ्यासमोर खोलीत स्पीकर ठेवलेले आहेत.

हेडफोनवर ही समजूत फसते. कशी ते सांगतो. डावीकडचा स्पीकर वाजला की त्याचा आवाज आधी डाव्या कानात आणि मग, सेकंदाचा अगदी छोटा भाग उशिरा आणि थोडा मंद होऊन, उजव्या कानातही पोचतो. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच दाखवलं होतं की दिशा ओळखताना आपला मेंदू हा वेळेतला आणि जोरातला फरक वापरतो. डोक्याच्या रुंदीमुळे वेळेतला फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद असतो. तेवढ्यावर मेंदू गणित करतो! हेडफोनमध्ये डावा आवाज उजव्या कानात जातच नाही. मेंदू गोंधळतो आणि गायकाला नेऊन बसवतो थेट कवटीच्या आत, दोन कानांच्या मधोमध.

असं असूनही हेडफोनवर संगीत ऐकायची चटक लोकांना लागली, त्याचं श्रेय मिलवॉकीच्या जॉन कॉसला. गंमत म्हणजे त्याला हेडफोन विकायचेच नव्हते. तो आणि त्याचा इंजिनियर जोडीदार मार्टिन लँग यांनी उचलून नेता येईल असा स्टिरिओ रेकॉर्ड प्लेयर बनवला होता. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या एका हाय-फाय प्रदर्शनात त्याचा आवाज नीट ऐकवता यावा म्हणून सोबत हेडफोन ठेवला. आत बसवले होते तीन इंची छोटे स्पीकर. लोक आले, ऐकलं, आणि रेकॉर्ड प्लेयर सोडून हेडफोनच मागायला लागले. टेलिफोनचा रिसीव्हर बोलणं कळण्यासाठी बनला होता. इथे पहिल्यांदा सामान्य ग्राहकासाठी, निव्वळ संगीतासाठी हेडफोन विकला जात होता. (मूव्हिंग कॉइलचा, म्हणजे स्पीकरसारखी रचना असलेला हेडफोन जर्मनीत बायर कंपनीने १९३७ मध्येच आणला होता, डीटी ४८. आज आपण वापरतो त्यातले बहुतेक त्याच घराण्यातले. आणि ही कंपनी १९२४ मध्ये सुरू झाली होती सिनेमागृहांचे स्पीकर बनवायला!)

पुढची उडी १९६८ ची, झेनहायझर एचडी ४१४. तोवरचे हेडफोन म्हणजे कानांवर घट्ट बसणारे जड बंद डबे. झेनहायझरने मागची बाजू उघडी ठेवली आणि कानाला स्पंजच्या पिवळ्या गाद्या लावल्या. आवाज बाहेर जाऊ दिला, बाहेरची हवा आत येऊ दिली. परिणाम असा की संगीत डब्यात कोंडल्यासारखं वाटेना, मोकळ्या खोलीत वाजल्यासारखं वाटायला लागलं. कंपनीच्या सांगण्यानुसार असे १ कोटीच्या वर हेडफोन खपले. घरात शांतता असेल आणि शेजारी कुणी झोपलेलं नसेल तर गाण्यांसाठी आजही उघडा हेडफोन हेच माझं उत्तर आहे. पण हाच हेडफोन लोकलमध्ये लावलात तर तुमचं गाणं डब्याला ऐकू जाईल आणि डब्याचं भांडण तुम्हाला.

लोकलवरून आठवलं, हेडफोन घराबाहेर काढला तो सोनीच्या वॉकमनने. १ जुलै १९७९. सोनीचे संस्थापक मसारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं. त्यांच्यासाठी पत्रकारांच्या छोट्या टेपरेकॉर्डरमधलं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि स्टिरिओ बसवला. पण तेव्हाचे हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे. यंत्र खिशात आणि डोक्यावर वीट! नेमका सोनीच्याच दुसऱ्या विभागात सुमारे ५० ग्रॅमच्या हेडफोनवर प्रयोग चालला होता. दोन्ही जुळलं आणि पुढचा इतिहास आपण सगळे कानात घालून फिरतोय. मला यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. अकिओ मोरिता घरी वॉकमन वापरून बघत होते तेव्हा बायको वैतागली, कारण ती संभाषणातून कापली गेली होती. मोरितांना वाटलं, एकट्याने ऐकणं हे उद्धटपणाचं दिसेल. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनची सोय ठेवली आणि एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन माइकमधून एकमेकांशी बोलता येई. पुढच्या मॉडेल्समध्ये ते बटण गेलं, कारण लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं. आज आमच्या हापिसात कानाला हेडफोन म्हणजे 'बोलू नका' अशी पाटीच आहे.

आणि ती पाटी आणखी पक्की केली अमर बोस यांनी. वडील ननी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेला गेलेले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला तेव्हा शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले. १९७८ मध्ये झुरिकहून अमेरिकेला परतताना त्यांनी विमान कंपनीने दिलेला हेडफोन लावला आणि इंजिनाच्या घरघरीत संगीत पार बुडालं. उतरेपर्यंत त्यांनी कागदावर गणित मांडलं होतं: बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील असं करायचं. मूळ तत्त्व १९३० च्या दशकातल्या पेटंटमध्येही होतं. ते कानावर नीट बसवायला बोसना ११ वर्षं लागली. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आला आणि आपल्यासारख्यांसाठी २००० मध्ये. आता रिक्वायरमेंट बघा: इंजिन. सतत चालणारा, खालच्या पट्टीतला आवाज. म्हणूनच नॉइज कॅन्सलेशन विमानात, बसमध्ये, एसीखाली जादू करतं, पण शेजारच्या टेबलावरचा हेल काढून बोलणारा माणूस तरीही ऐकू येतो. कंपनीने फसवलं नाही, त्याच्यासाठी ते बनलेलंच नाही.

आता गेमिंग. ही कहाणी मला सगळ्यात जास्त चटका लावते. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्जने 'ऑस्कर' नावाचा पुतळा काचेच्या खोलीत बसवला होता, कानांपाशी माइक लावलेला. बाहेर लोक हेडफोन लावून ऑस्करच्या कानांनी ऐकायचे. कुणी पुतळ्याच्या मागे कुजबुजलं की बाहेरचे दचकून मागे वळायचे. म्हणजे कवटीत अडकलेला आवाज हेडफोनवरूनच बाहेर काढता येतो, फक्त तो डोक्याच्या आणि कानाच्या आकाराने 'गाळून' यायला हवा. कानाची वळणं वरच्या पट्टीतल्या आवाजात बारीक फेरफार करतात आणि त्यावरून मेंदू पुढे-मागे, वर-खाली ओळखतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्टल रिव्हर इंजिनियरिंग या छोट्या कंपनीने नासासाठी हीच गाळणी कॉम्प्युटरवर चालवून दाखवली. ती कंपनी पुढे ऑरिअलमध्ये विलीन झाली आणि तिचं तंत्र साउंड कार्डांवर उतरलं. १९९८ च्या हाफ-लाइफला त्याचा पाठिंबा होता. साधा दोन कानांचा हेडफोन लावा आणि शत्रू मागून येतोय हे कळतंय! प्रतिस्पर्धी क्रिएटिव्ह कंपनीने पेटंटवरून दावा लावला. १९९९ मध्ये निकाल ऑरिअलच्या बाजूने लागला, पण कोर्टाच्या खर्चाने कंपनी झोपली, आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. जिंकून हरणं म्हणतात ते हेच. त्यानंतर गेममधल्या अशा आवाजाची गाडी बरीच वर्षं रखडली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा सोनीने याच प्रकारच्या आवाजाचा मोठा गाजावाजा केला. दोन दशकं गेली, राव.

यातला धडा पैसे वाचवणारा आहे. दिशा कळणं ही करामत गेमच्या आणि सॉफ्टवेअरच्या गणितात असते. हेडफोनला फक्त डावा-उजवा प्रामाणिकपणे पोचवायचा असतो. '७.१' लिहिलेला, रंगीत दिवे लुकलुकणारा हेडसेट बघितला की एवढंच आठवा, कान दोनच आहेत. गाण्यांसाठी चांगला असलेला साधा वायरवाला हेडफोन घ्या, वेगळा छोटा माइक लावा. गेमिंगला तो उत्तम चालतो. शिवाय गणिताचा पर्याय गेममध्ये एकदाच चालू करा. गेमने एकदा केलं आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरने त्यावर पुन्हा केलं तर खिचडी होते.

आणि हो, ब्लूटूथ. पिक्चर बघताना आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचला तरी फोन चित्रच तेवढं मागे धरतो, ओठ जुळतात. गेममध्ये चित्र मागे धरता येत नाही, तुम्ही तोवर मेलेले असता. म्हणून गेमिंगला वायर, किंवा वेगळ्या डोंगलवर चालणारा वायरलेस. दुसरी गोष्ट, नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक वेळा आवाज एकदम टेलिफोनसारखा पिचका होतो. कारण जोडणी संगीताची सोडून फोनच्या बोलण्याची होते. एवढं सगळं करून आपण परत गिलिलंडच्या ऑपरेटरपाशीच!

"पण महागडा घेतला तर चांगलाच असेल ना?" हा पुढचा प्रश्न. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं आणि किमती ताडून बघितल्या. कुठल्या पट्टीचा आवाज किती जोरात येतो याचा किमतीशी संबंध सापडला नाही. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की बहुतेकांना आवडतो तो आवाज चांगल्या खोलीत चांगले स्पीकर वाजल्यासारखा. किमतीत मजबुती, आराम, नॉइज कॅन्सलेशन असं बरंच काही येतं, त्याला पैसे जरूर द्या. पण 'महाग म्हणजे सुरेल' हे गृहीत धरू नका. इम्पिडन्सचा आकडा मात्र बघा: ३२ ओहमच्या आसपासचा बहुधा फोनवर सहज वाजतो, २५०-६०० ओहमवाल्याला बहुतेकदा वेगळा अॅम्प लागतो.

आता खोक्यावर कधीच नसणारी गोष्ट. आमच्या टीममधल्या एकाला, वय ३१, रात्री कानात सतत बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. कान तपासले तर आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. आपल्या प्रत्येक कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खड्डा सुरू होतो तो 'स', 'श' सारखी व्यंजनं आणि वरच्या पट्टीतले बारकावे जिथे राहतात त्याच भागात. वाढत गेला तर पावलं कुठून येतायत हे सांगणारी कानाच्या वळणांची खूणही तो गिळतो. त्याच्याकडचा हेडफोन उत्तम आहे, अजूनही. तो आता मीटिंगमध्ये समोरच्याच्या ओठांकडे बघत बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी. ९० ला उरतात फक्त ४ तास. आणि आपण आवाज का वाढवतो? बहुतेक वेळा गाण्यासाठी नव्हे, बाहेरच्या गोंगाटावर मात करायला. म्हणजे उघडा हेडफोन घालून लोकलमध्ये चढणं ही निवडीची साधी चूक राहत नाही, तिचं बिल कान भरतात. आणि नॉइज कॅन्सलेशन आवाज कमी ठेवायला मदत करत असेल तर प्रवाशासाठी ती चैन नाही.

तर माझं उत्तर, एवढा चहा थंड झाल्यावर. 'कशासाठी' हा प्रश्न दुसरा, 'कुठे' हा पहिला. घरात, शांत खोलीत: उघडा, वायरवाला, वेगळा माइक, गेम, पिक्चर, गाणी, तिन्ही निघतात. घरात पण बाजूला कुणी झोपलेलं: बंद डब्याचा, वायरवाला, आणि पिक्चरसाठी प्लेयरमधला रात्रीचा मोड, म्हणजे कुजबुज ऐकायला आवाज वाढवला आणि पुढच्या क्षणी बॉम्ब फुटला असं होत नाही. रोज दोन तास प्रवास: नॉइज कॅन्सलेशन, आणि त्यावर स्पर्धेचे गेम खेळायची अपेक्षा सोडा. पैसे एकाचेच असतील तर जिथे तुमचे जास्त तास जातात तिथला घ्या. दुकानात जाताना स्वतःचं, पाठ असलेलं एक गाणं घेऊन जा आणि किमान पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

आणि घरी आल्यावर खोकं फेकण्याआधी फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. हेडफोन पुढच्या दिवाळीला बदलता येईल.